देवूच्या वखारीतली राख

देवूला वखार मिळाली ती बोटं गेल्यामुळे. डोल जाळ्याचा दोर ओढताना त्याचा उजवा हात दोर आणि बोटीच्या कठड्याच्या मधे सापडला आणि मधली बोटं पार चेचली. पालघरच्या डॉक्टरने हात वाचवला, बोटं काही वाचली नाहीत. तेव्हा तारापूरला अणुवीजघराचं काम जोरात चाललं होतं, बोईसर स्टेशनापासून ट्रकांची रांग तुटत नव्हती, आणि धडधाकट माणूस रिकामा सापडत नव्हता. पण एका हाताने घमेलं उचलणाऱ्याला तिथे कोण घेणार? आणि दोर धरता येत नाही त्याला बोटीवर तरी कोण घेणार?

त्याचा थोरला भाऊ घेणार होता. कमलाकांत त्याचं नाव, पण अख्खं बंदर त्याला दादा म्हणतं. आमच्या किनाऱ्यावर इंजिन बसवलेली पहिली बोट दादाची. खोटं वाटत असेल तर कुणालाही विचारा. दादा म्हणाला, "तू नुसता बोटीवर येऊन बस. माजा भाऊ हायेस. कोन काय बोलतो ते मी बघतो."

"बसायचंच तर घरी बसेन," देवू म्हणाला. "बोटीत बसलेला मानूस म्हंजे वजन. दुसरं काय?"

असा स्वभाव. घराण्यातच आहे तो.

मग दादाने दामूकाकांना गाठलं. दामूकाका मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. पांढरी टोपी, कानात अत्तराचा बोळा, आणि बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरणार. सोसायटीची वखार म्हणजे किनाऱ्याला लागून एक लांबलचक कौलारू खोली. दोर, जाळी, सूत, जाळं तरंगतं ठेवणारे बोये, लोखंडी नांगर, डांबर, मिठाच्या गोणी, पावसाळ्यात ठेवलेली सुकट, सगळं त्यातच. आधीचा वखारवाला तारापूरच्या कामावर पळाला होता.

"आमचा देवू घ्या," दादा म्हणाला. "चौथी पास हाय. त्याच्यासारखं डोकं इथून एडवणपर्यंत दुसरं नाय."

दामूकाका खाकरले. "डोकं हाय रे. पन गेल्या साली काय झालं ते इसरलास? नारळी पुनवेनंतर सगळ्या बोटी एकदम निघाल्या. दोर काढायला एक आत, नांगर घेऊन दुसरा भायेर, दारात अडकून बसले दोघं. भरती निघून गेली, आन अर्ध्या बोटी चिखलात. सगळ्या बंदराने मला शिव्या घातल्या."

"ह्या साली नाय व्हायचं."

"झालं तर? बोईसरला गवताच्या वखारीत रामकिसन म्हनून मानूस हाय. वखारीतच म्हातारा झालाय तो. येत्या नारळी पुनवेला त्याला हिथं बोलावतो. त्याच्या डोळ्यांदेखत एक जरी बोट चिखलात बसली, तर किल्ली त्याची."

देवूने किल्ली डाव्या हाताने घेतली आणि कमरेला खोचली. नारळी पुनवेपर्यंत ती त्याची होती. त्यानंतर काय, ते त्याच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्याची बायको नर्मदा डोक्यावर टोपली घेऊन मनोरच्या बाजाराला जायची, त्यावर चूल पेटत होती. पण नवरा घरात आणि बायको बाजारात, हे देवूला दुखऱ्या हातापेक्षा जास्त सलत होतं.

त्याने पहिल्या दिवसापासून वखार लावायला घेतली. अंगात वारं भरल्यासारखा राबला. मिठाच्या गोणी सगळ्यात जड, म्हणून त्या बरोब्बर मधोमध. नांगर आणि डांबराचे डबे त्यांच्या दोन्ही अंगांना सारखे. डावीकडे दोराची जेवढी वेटोळी, उजवीकडे तेवढीच जाळी. हलका माल दोन्ही टोकांना. चार पावलं मागे सरकून त्याने डोळे बारीक करून पाहिलं, आणि नीट वाटेना म्हणून एक गोण इकडची तिकडे केली.

दादा बघायला आला. "वा! याला म्हनतात भरनी."

त्याच्या मागे ठमी उभी होती. ठमी सगळ्या मासळीवाल्या बायकांत जुनी, तिच्या तोंडाला बोटी चालवणारे तांडेलसुद्धा भ्यायचे. तिने आत मुंडी घातली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि कपाळावर हात मारला.

"अरे देवू, ही वखार हाय की बोट? दोनी अंगांना सारखं वजन कशाला? वादळात कलंडनार हाय काय ही?"

देवूने वळून मालाकडे पाहिलं. खरंच की! त्याने वखार बोटीसारखी भरली होती. जड मधे, हलकं टोकाला, दोन्ही बाजू तोलून. जमिनीत पाया असलेली खोली कोणत्या बाजूला झुकणार होती? बाहेर असा हशा फुटला की मासळी वाळवायच्या वलांडीवरचे कावळे उडाले. नंतर कित्येक दिवस कुणी सूत न्यायला आलं की दारातूनच ओरडायचं, "देवू तांडेल, वखार कुठवर आली? दमन दिसलं काय?"

देवू हसण्यावारी नेत होता. पण मधोमध रचलेला मिठाचा डोंगर आता हलवायचा तर कुठे, ते काही त्याला सुचेना. बोट कशी भरायची ते त्याला झोपेतही आलं असतं. वखार कशी भरायची ते कुणाला विचारायचं?

आषाढात एक दिवस मिठाची एक गोण उसवली. उंदराने कुरतडली असणार. मीठ जमिनीवर पसरलं. देवू झाडू आणायला गेला, तेवढ्यात चार-पाच जण येऊन आपापला माल घेऊन गेले. परत आला तर मिठात पावलंच पावलं. तो झाडू हातात धरून उभा राहिला.

ओहोटीला खाडीच्या चिखलात पावलं बघायची त्याला लहानपणापासून खोड. खेकडा कुठून निघाला, बगळा कुठे थबकला, सगळं चिखलात लिहिलेलं असतं. इथेही तसंच होतं. सगळी पावलं दारातून आत येऊन मिठाच्या डोंगराला वळसा घालत होती, मागच्या कोपऱ्यातल्या दोरांकडे जात होती, आणि तोच वळसा घालून परत. येणारी आणि जाणारी पावलं एकमेकांवर चढली होती.

"असं काय?" देवू स्वतःशीच म्हणाला, आणि झाडू कोपऱ्यात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नर्मदेकडे चुलीतली राख मागितली.

"भांडी घासायला?"

"वखारीत पसरायला."

नर्मदेच्या हातातलं फडकं खाली पडलं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या जागेवर राख पसरतात, वर टोपली पालथी घालतात, आणि सकाळी राखेत कसलं पाऊल उठलंय ते बघतात. गेलेला कोणत्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणे. राख पसरायची ती एवढ्यासाठीच.

"अगं बाई! कोन मेलं?"

"माजी बोटं," देवू म्हणाला. "बघूया कुठं जन्म घेतलाय त्यांनी."

नर्मदेने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, पण राख दिली. शेजारच्या घरांतूनही आणून दिली. तिलाही बघायचं होतं हा काय करतो ते.

बंदरभर बातमी झाली. देवूला वखारीत भूत दिसलं, देवू राखेत त्याची पावलं धरतो. काहींनी तर दिवसाउजेडी आत यायचं सोडलं, सूत दारातूनच मागायला लागले. ठमी मात्र मुद्दाम आली, राखेवर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "हे बघ माजं पाऊल. मी मेल्यावर हेच उठलं तर वळखशील ना?"

"ठमीआक्का, तुजं पाऊल इसरायची सोय हाय काय? टाच बघ केवढी!"

देवू रोज सकाळी राख पसरी आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत वाकून वाचत बसे. पाठीवर ओझं असलं की पावलाची बोटं फाकतात आणि टाच खोल रुतते. रिकाम्या माणसाची पावलं हलकी पडतात. रिकामं पाऊल कोणतं, भरलेलं कोणतं, ते त्याला बघताक्षणी कळायचं. नर्मदाही बाजारातून आली की त्याच्या शेजारी उकिडवी बसायची. तिने दाखवलं की मिठाला येणाऱ्या बायकांची पावलं मधेच तुटतात. "दोराची वेटोळी मधे पडलीत ना, त्यांच्यावरून उड्या मारतात बिचाऱ्या. डोक्यावर मीठ घेऊन!"

पण एक गोष्ट दोघांनाही उलगडेना. वखारीला समुद्राच्या बाजूला आणखी एक दार होतं, दामूकाकांनी आडव्या फळ्या ठोकून बंद केलेलं. त्या बंद दारापर्यंत पावलं जात होती. एका-दोघांची नव्हे, बऱ्याच जणांची. दारापाशी जाऊन थांबायची, पायाची बोटं फळ्यांकडे, आणि तिथूनच उलटी फिरायची. सगळी भरलेली पावलं, टाच खोल. पाठीवर ओझं घेऊन बंद दाराशी कशाला जायचं?

"चोरी?" नर्मदा कुजबुजली.

"चोर फळ्या काढून माल नेईल, परत कशाला फिरेल?"

देवूला चैन पडेना. जेवताना तेच, झोपताना तेच. शेवटी एक दिवस तो जाळ्यांच्या मागे सूत गुंडाळत बसला आणि नजर दाराकडे लावली. दादाच्या बोटीवरचा चिंतू खलाशी आला. दोराचं जाडजूड वेटोळं त्याने खांद्यावर मारलं, मान वाकडी झाली, आणि तो वळून सरळ बंद दाराकडे चालत गेला. फळ्या नाकासमोर आल्या तेव्हा कुठे थांबला. "च्यायला," म्हणाला, आणि मिठाच्या डोंगराला वळसा घालून पुढच्या दाराने बाहेर पडला.

थोड्या वेळाने दुसरा आला. तोही तसाच.

देवूच्या हातातली सुताची गुंडी घरंगळत गेली. खांद्यावर ओझं पडलं की या माणसांचे पाय आपोआप समुद्राकडे वळत होते. डोक्याला दार बंद असल्याचं ठाऊक होतं, पायांना नव्हतं. जन्मभर ओझं घेऊन एकाच दिशेला गेलेले पाय ते! आणि दामूकाकांनी नेमकी तीच वाट ठोकून ठेवली होती.

तो तडक दामूकाकांकडे गेला. "काका, मागचं दार उघडायचं हाय."

"नाय." काका खाकरलेसुद्धा नाहीत. "त्या दारातून खारा वारा आत येतो, मीठ पाघळतं. आन चोरांना वाट कशाला दाखवायची?"

"मीठ दुसरीकडे ठेवतो ना."

"देवू, आधी तू वखारीची बोट केलीस. मग राख पसरून बाया-मानसांना भिववलंस. आता दार मोडतोस? पुनवेला रामकिसन येतोय, ध्यानात ठेव."

बोलण्यात काका हार जाणार नव्हते. त्याने दुसरा रस्ता काढला. "बरं, नाय तर नाय. पन येवढं एक करा. तो दोर दादाच्या बोटीला द्यायचा हाय, माज्या हाताने उचलवत नाय. तुमी तांडेल होता ना एके काळी?"

"होता म्हंजे?" काकांनी टोपी काढून ठेवली. "आजबी हाय."

वखारीत येऊन काकांनी दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलं. बरीच वर्षं खुर्चीत काढलेला माणूस, पण ओझं पडताच पाठ कशी ताठ झाली! ते वळले आणि ऐटीत चालायला लागले. दादा, चिंतू, ठमी, सगळे दारातून बघत होते. काका चालत गेले, चालत गेले, आणि स्वतःच ठोकलेल्या फळ्यांवर धाडकन जाऊन आदळले.

ठमी म्हणाली, "दामू, लागलं काय रे?"

काकांनी कपाळ चोळलं. खाली राखेत स्वतःची पावलं पाहिली. आजूबाजूची, तशीच दाराला भिडलेली दुसरी पावलं पाहिली. बराच वेळ बघत राहिले. "मी हिकडे का आलो?" त्यांनी विचारलं. खरंच विचारत होते, रागाने नाही.

"सगळेच येतात, काका," देवू म्हणाला.

काका दोनदा खाकरले. "खिळे काड. पन मीठ पाघळलं तर बघ."

फळ्या निघाल्या आणि समुद्राचा उजेड थेट आतपर्यंत आला. पण नुसतं दार उघडून भागणार नव्हतं, आत माल कुठे मांडायचा हा प्रश्न होताच. देवू दादाकडे गेला. "दादा, बोटीत पयलं काय टाकतोस?"

"हे काय इचारनं झालं? नांगर. मग दोर. मग बोये. सगळ्यात शेवटी जाळं, कारन पयलं जाळंच काडायचं असतं."

देवू हसायला लागला. त्याने वखार बोटीसारखी भरली होती ही चूक. बोट ज्या क्रमाने भरते, त्या क्रमाने माल लावायला हवा होता. समुद्राच्या दाराला लागून नांगर. त्याच्या अलीकडे दोर. मग बोये. आणि आत शिरायच्या पुढच्या दाराजवळ जाळी. एका बोटीचे खलाशी रांगेने पुढच्या दाराने येतील. पहिला सरळ शेवटपर्यंत जाऊन नांगर उचलेल, मागचा त्याच्या अलीकडे दोर, त्याच्या मागचा बोये. कुणी कुणाला ओलांडायचं नाही, कुणी मागे फिरायचं नाही. सगळे समुद्राच्या दाराने बाहेर, आणि बोटीत माल हवा त्याच क्रमाने पडेल. मीठ आणि सुकट पुढच्या दाराच्या एका अंगाला, झापांच्या आडोशाला, वाऱ्यापासून लांब. बायकांनी तिथूनच यायचं, तिथूनच जायचं, दोरावरून उडी नाही.

मधला डोंगर हलवायला अख्खं घर राबलं. दादानेही गोणी वाहिल्या, इंजिनाच्या बोटीचा मालक असून. असा भाऊ सगळ्यांना मिळत नाही.

पुनवेला नारळ वाहून झाले. बोटी निघायच्या दिवशी रामकिसन बोईसरहून आला. सुकलेला, काटकुळा माणूस, डोक्याला लाल मुंडासं. दामूकाकांनी त्याला वखारीच्या पायरीवर बसवून चहा दिला. भरती चढायला लागली तसे सगळे खलाशी एकदम वखारीकडे धावले, दर साली धावतात तसेच. देवू पुढच्या दाराशी उभा होता. किल्ली कमरेला टोचत होती.

"रांगेनं! नांगरवाला पुडे! चिंतू, तू जाळ्याला ना? मग मागं हो!"

"तू कोन मला सांगनार?"

"वखारीचा तांडेल!" देवू ओरडला, आणि गर्दीत जे हसू फुटलं ते पहिल्यांदाच त्याच्यावर नव्हतं. चिंतू मागे झाला.

पहिली बोट भरली. दुसरी. तिसऱ्या बोटीचा एक गडी सवयीने पुढच्या दाराने परत यायला बघत होता, त्याला ठमीने मिठाच्या बाजूने दटावलं, "पायाला खूळ लागलंय काय? समुद्र तिकडं!" पुढच्या दाराने माणसं शिरत होती आणि मागच्या दाराने बाहेर पडत होती, जसं भरतीचं पाणी एकाच दिशेने खाडीत चढतं. रामकिसनचा चहा हातातच निवला. तो उठून आत गेला, भिंतीला चिकटून उभा राहिला, जाळ्यापासून नांगरापर्यंत सगळं बघून आला. पाणी अजून चढत होतं आणि शेवटची बोट दादाची. ती तरंगली तेव्हा चिखलात एकही बोट नव्हती.

"किल्लीचं काय, रामकिसन?" दामूकाकांनी विचारलं.

"किसकी किल्ली? जिसकी है उसके पास है," तो म्हणाला. मग देवूकडे वळला. "भाई, हमारे यहाँ गवत की गंजी बीच रास्ते में खड़ी है. एक दिन बोईसर आ के देखेगा क्या?"

"येईन की," देवू म्हणाला. "चुलीतली राख तयार ठेवा."

रामकिसनला काही कळलं नाही. दामूकाकांनी मात्र कपाळाला हात लावला.

बोटी गेल्या. बंदर रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी नर्मदा बाजाराला निघताना वखारीत डोकावली. आता यायला कुणी नव्हतं, तरी देवूने सवयीने राख पसरली होती. तिच्यात एकाच माणसाची पावलं होती. हलकी, ओझं नसलेली. सरळ समुद्राच्या दारापर्यंत गेलेली, उंबऱ्याशी बराच वेळ थांबलेली, आणि मग आत परत आलेली.

"हे कोनाचं?" तिने विचारलं.

"माजंच. बोटी कुठवर गेल्या ते बघत होतो."

"मग?"

"दिसेनाशा झाल्या, मग आलो परत." त्याने डाव्या हाताने किल्ली कमरेला नीट खोचली. "त्या मासळी घेऊन परत यायच्या आत सुकट मागं सरकवून मीठ पुडं घ्यायचं हाय. जरा टोपली ठेव खाली, आन ही गोण त्या टोकाला धर."